दोन विमानांमधला दरवाजा

रमजानचा शेवटचा आठवडा. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर रात्रीचे अकरा वाजून गेलेले. चेक-इनच्या रांगेत कोकणातून आलेली एक आई उभी आहे. ट्रॉलीवर दोन बॅगा. एकीत कपडे, दुसरीत बारीक शेवया, खारका, चारोळ्या आणि नातवासाठी शिवलेला कुर्ता. मुलगा टोरांटोत नोकरीला. त्याने पाच ईद घरापासून लांब काढल्या, म्हणून या वर्षी अम्मीच निघाली आहे. पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा आहे, परतीचे तिकीट आहे, मुलाचे निमंत्रणपत्र आहे. सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत नीट लावलेले.

काउंटरवरची मुलगी पासपोर्ट उलटसुलट पाहते आणि विचारते,

"आंटी, अमेरिकेचा व्हिसा?"

"अमेरिकेला नाही चालले बेटा. टोरांटोला चालले."

"पण विमान न्यूयॉर्कला बदलायचंय ना?"

"हो, तीन तास. मी बाहेर कुठं जाणारच नाही. तिथंच बाकड्यावर बसेन."

"बसून चालत नाही आंटी. तिथं इमिग्रेशनमधून जावंच लागतं. व्हिसा नसेल तर आम्ही तुम्हाला विमानात बसवू शकत नाही."

हा प्रसंग कुणा एका घरातला नाही, म्हणून यात नाव घातलेले नाही. ज्याला हवे त्याने आपल्या ओळखीचे घालावे. ईदेला निघालेली अम्मी असेल, लेकीच्या बाळंतपणाला निघालेली जाधवांची आई असेल, नाताळला मुलाकडे जाणारे वसईचे आजी-आजोबा असतील. ज्या देशात जायचे त्याचा व्हिसा सगळेच तपासतात. वाटेत जिथे विमान बदलायचे त्या देशाकडे मात्र कुणी देश म्हणून पाहत नाही. एसटीने जाताना मध्ये कऱ्हाडला गाडी बदलावी, तसे ते वाटते. अडचण नेमकी तिथेच उभी राहते.

किती तास थांबायचे, हा प्रश्नच नाही

एका परदेशातून दुसऱ्या परदेशात जाताना मधल्या विमानतळावर थांबण्यासाठी काही देश जी परवानगी मागतात, तिला ट्रान्झिट व्हिसा म्हणतात. तो लागेल की नाही, हे बहुतेक लोक घड्याळावरून ठरवतात. "दोनच तासांचा तर प्रश्न आहे" किंवा "रात्रभर थांबायचंय म्हणजे लागेल" असे बोलले जाते. तासांची मर्यादा नियमांत असते हे खरे, पण पहिला प्रश्न तासांचा नसतो. प्रवाशाला त्या देशाच्या इमिग्रेशनचा दरवाजा ओलांडावा लागणार का, हा पहिला प्रश्न असतो.

मोठ्या आंतरराष्ट्रीय विमानतळांवर विमानातून उतरल्यावर दोन वाटा फुटतात. एका वाटेवर पासपोर्ट तपासणी, मग सामानाचा पट्टा, मग कस्टम आणि बाहेरचा रस्ता. दुसऱ्या वाटेवर पुन्हा एकदा सुरक्षा तपासणी आणि थेट पुढच्या विमानाचे गेट. दुसऱ्या वाटेने जाणारा प्रवासी कागदोपत्री त्या देशात शिरलेलाच नसतो. दुबई, दोहा, इस्तंबूल, सिंगापूर ही विमानतळे याच दुसऱ्या वाटेवर मोठी झाली. तिथे एकाच तिकिटावर, सामान थेट पुढे पाठवून, आतल्या आत विमान बदलणाऱ्या भारतीय प्रवाशाला साधारणपणे व्हिसा लागत नाही.

अमेरिकेत ही दुसरी वाट प्रवाशाला उपलब्धच नाही. पुढे कॅनडाला जायचे असो की मेक्सिकोला, पहिल्या अमेरिकी विमानतळावर उतरलेल्या प्रवाशाला इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यासमोर उभे राहावेच लागते. काही देशांच्या नागरिकांसाठी व्हिसाविना ट्रान्झिटची एक सोय पूर्वी होती. सुरक्षेच्या कारणावरून ऑगस्ट 2003 मध्ये तीही थांबवली गेली. आता भारतीय पासपोर्टवर न्यूयॉर्कमध्ये तीन तास बसायचे असेल तरी अमेरिकेचा व्हिसा हवा, मग तो पर्यटनाचा असो की सी-1 नावाचा ट्रान्झिट व्हिसा. त्यासाठी अर्ज, फी आणि मुलाखत यांची सगळी वाट चालावी लागते. काउंटरवरची मुलगी "बसून चालत नाही" म्हणाली, त्याचा अर्थ हा.

एक पासपोर्ट, तीन वाटा, तीन उत्तरे

तीच अम्मी, तोच पासपोर्ट, तोच कॅनडाचा व्हिसा. फक्त मधले शहर बदलून पाहिले की नियमांचा स्वभाव कळतो.

ती लंडनमार्गे निघाली असती तर? ब्रिटनने काही देशांच्या नागरिकांसाठी असा नियम केला आहे की विमानतळाबाहेर न पडता विमान बदलायचे असले तरी आधी व्हिसा घ्यायचा. त्याला डायरेक्ट एअरसाइड ट्रान्झिट व्हिसा म्हणतात, आणि त्या यादीत भारत आहे. पण अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंड यांपैकी एखाद्या देशाचा वैध व्हिसा जवळ असेल तर त्यातून सूट मिळू शकते. अम्मीच्या पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा आहे, म्हणजे तिची वाट मोकळी. पण तिच्याच गावचा एखादा तरुण लंडनमार्गे आफ्रिकेतल्या एखाद्या देशात नोकरीला निघाला असेल आणि त्याच्याकडे अशा मोठ्या देशाचा व्हिसा नसेल, तर त्याच बाकड्यावर तितकाच वेळ बसायला त्याला वेगळा व्हिसा लागेल.

युरोपमार्गे निघाली असती तर? लक्झेंबर्गमधल्या शेंगेन या छोट्या गावाशी 1985 मध्ये झालेल्या करारातून आज 29 देशांचे एक सामाईक क्षेत्र तयार झाले आहे. या क्षेत्रात विमानतळावरच्या ट्रान्झिटसाठी एक सामाईक यादी आहे. तिच्यात अफगाणिस्तान, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, इराण, नायजेरिया असे 12 देश आहेत. भारत त्या सामाईक यादीत नाही. मात्र सदस्य देशांना आपापल्या यादीत आणखी नावे घालता येतात, आणि अशा याद्यांतून भारतीयांनाही व्हिसा मागितला गेला आहे. या याद्या बदलत राहतात. त्यामुळे "गेल्या वर्षी भाऊ गेला होता, त्याला नाही लागला" हा युरोपच्या बाबतीत पुरावा होऊ शकत नाही. कॅनडा, अमेरिका किंवा जपानचा वैध व्हिसा असलेल्याला या विमानतळ ट्रान्झिट व्हिसातून सूट आहे.

युरोपात आणखी एक खाचखळगा आहे. मुंबईहून फ्रँकफर्ट, फ्रँकफर्टहून पॅरिस आणि पॅरिसहून पुढे, असे तिकीट असेल तर मधला फ्रँकफर्ट ते पॅरिस हा प्रवास शेंगेनच्या दृष्टीने देशांतर्गत ठरतो. म्हणजे प्रवाशाने फ्रँकफर्टलाच दरवाजा ओलांडला. मग ट्रान्झिटच्या व्हिसावर भागत नाही, नेहमीचा शेंगेन व्हिसा लागतो. एक शेंगेन थांबा आणि दोन शेंगेन थांबे यांत एवढा फरक आहे. तिकीट स्वस्त करणाऱ्या वेबसाइटला मात्र हा फरक दिसत नाही, तिला फक्त भाडे दिसते.

उलट दिशेने पाहिले तर कॅनडाचा नियमही समजून घेण्यासारखा आहे. कॅनडामार्गे तिसऱ्या देशात जाणाऱ्या भारतीयाला 48 तासांपर्यंतच्या थांब्यासाठी ट्रान्झिट व्हिसा लागतो, पण त्याला फी नाही. परवानगी फुकट आहे, तरी ती आधी घ्यावी लागते. विमानतळावर जाऊन मागता येत नाही.

काउंटरवरची मुलगी निर्दय नसते

अशा वेळी राग निघतो तो समोरच्या कर्मचाऱ्यावर. "तिकडचा अधिकारी बघून घेईल, तुम्ही कशाला अडवता?" असे म्हटले जाते. पण जगभरच्या देशांनी ही तपासणी मोठ्या प्रमाणात विमान कंपन्यांच्या गळ्यात घातली आहे. योग्य कागद नसलेल्या प्रवाशाला आणले तर त्याला परत न्यायची जबाबदारी कंपनीची, वर दंड वेगळा. ब्रिटनच्या कायद्यात तो प्रत्येक प्रवाशामागे 2,000 पौंडांपर्यंत आहे. म्हणूनच काउंटरवरच्या संगणकात टिमॅटिक नावाची एक नियमसूची उघडलेली असते. पासपोर्ट कोणता, जायचे कुठे, वाटेत थांबा कुठे आणि जवळ कोणते व्हिसा आहेत, एवढे तिच्यात भरले की "चालेल" किंवा "चालणार नाही" असे उत्तर येते. पडद्यावर "चालणार नाही" आले की त्या मुलीच्या हातात फारसे काही उरत नाही.

याचा एक अर्थ प्रवाशाने लक्षात ठेवायला हवा. न्यूयॉर्कचा दरवाजा न्यूयॉर्कमध्ये आहे, पण तो बंद होतो मुंबईत. तिथल्या अधिकाऱ्यापुढे आपली बाजू मांडायची संधीच येत नाही. तिकीट बहुधा परत न होणारे असते. सुटलेल्या पहिल्या विमानामागे पुढची सगळी विमाने रद्द होतात आणि परतीचे तिकीटही अनेकदा त्यांच्यासोबत जाते. ज्या घरात वर्षभर पैसे साठवून हे तिकीट निघालेले असते, त्या घराला हा धक्का लवकर पचत नाही.

स्वस्त तिकिटाची खरी किंमत

दुसरा मोठा घोळ होतो दोन वेगवेगळ्या तिकिटांमुळे. मुंबई ते एक शहर एका कंपनीचे, तिथून पुढे दुसऱ्या कंपनीचे, आणि दोघींचा एकमेकींशी काही करार नाही. भाडे हजारो रुपयांनी कमी पडते. पण मग सामान पुढे पाठवले जात नाही. ते पट्ट्यावरून उचलायचे, बाहेर यायचे आणि दुसऱ्या काउंटरवर पुन्हा द्यायचे. पट्टा इमिग्रेशनच्या पलीकडे असतो. म्हणजे जिथे एका तिकिटावर व्हिसा लागला नसता, तिथे दोन तिकिटांवर लागतो. बॅग त्या बाजूला आणि माणूस या बाजूला, अशी गत होते.

तिसरा घोळ एकाच शहरातल्या दोन विमानतळांचा. लंडनमध्ये हीथ्रोला उतरून गॅटविकहून निघायचे, पॅरिसमध्ये चार्ल्स द गॉलला उतरून ऑर्लीहून निघायचे, दुबईला उतरून शारजाहून निघायचे. तिकिटावर दोन्ही ठिकाणी तेच शहर, नाहीतर शेजारचे. पण मधला रस्ता त्या देशाचा आहे, आणि त्या रस्त्यावर पाय ठेवायला त्या देशाची परवानगी लागते.

थांबा हवाच असेल तर

काही देशांनी हाच मधला थांबा पाहुणचाराचा विषय केला आहे. संयुक्त अरब अमिरातीत 48 तासांचा ट्रान्झिट व्हिसा निःशुल्क आहे आणि 96 तासांचा थोडी फी भरून मिळतो. त्यासाठी तिथल्या विमान कंपनीमार्फत आधी अर्ज करावा लागतो.

रमजानच्या संदर्भात सौदी अरेबियाचा निर्णय विशेष महत्त्वाचा ठरला. जानेवारी 2023 मध्ये त्या देशाने आपल्या विमान कंपन्यांनी प्रवास करणाऱ्यांसाठी 96 तासांचा ट्रान्झिट व्हिसा सुरू केला. तिकीट काढतानाच तो ऑनलाइन मागता येतो. त्यावर चार दिवस थांबून देश पाहता येतो आणि मुस्लिम प्रवाशाला उमराही करता येतो. उमरा म्हणजे मक्केची अशी यात्रा जी हजसारखी ठरावीक दिवसांतच करावी लागत नाही. रमजानमधल्या उमऱ्याचे पुण्य मोठे मानले जाते. त्यामुळे लंडनहून किंवा आफ्रिकेतून घरी परतणारा एखादा कोकणी माणूस जेद्दाहमार्गे तिकीट काढतो आणि वाटेतच उमरा उरकून ईदेला गावी पोहोचतो. आधीच्या पिढीला अशा प्रवासासाठी स्वतंत्र व्हिसा, स्वतंत्र तिकीट आणि स्वतंत्र बचत करावी लागे.

पण इथेही वाचायचे ते वाचावेच लागते. ही सोय ठरावीक कंपन्यांच्या तिकिटांना आहे, उमऱ्यासाठी नुसुक या सरकारी अॅपवर वेळेची नोंद करावी लागते, आणि रमजानमध्ये, विशेषतः शेवटच्या दहा दिवसांत, गर्दी प्रचंड असते. परतीचे विमान चुकले तर चार दिवसांच्या परवानगीचा पाचवा दिवस होतो, आणि मग पाहुणा नियमभंग करणारा ठरतो.

"मी कुठेच नाही" असे नसते

विमानतळाचा आतला भाग म्हणजे कुठल्याच देशाची भूमी नव्हे, असा एक समज आहे. "बाहेर जाणारच नाही" या वाक्यामागे तोच असतो. कायदा तसे मानत नाही. सोमालियातून आलेल्या चार भावंडांना फ्रान्सने पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावर वीस दिवस अडकवून ठेवले होते. त्या खटल्यात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 1996 मध्ये स्पष्ट केले की ट्रान्झिटचा भागही त्या देशाच्या कायद्याखालीच येतो, आणि तिथे माणसाला असे डांबून ठेवणे म्हणजे त्याचे स्वातंत्र्य हिरावणे आहे.

कागदांअभावी मधेच अडकलेल्यांत सर्वांत प्रसिद्ध झाला तो मेहरान करीमी नासेरी हा इराणी माणूस. 1988 मध्ये तो पॅरिसच्या चार्ल्स द गॉल विमानतळावर थांबला तो 2006 पर्यंत तिथेच राहिला. लाल बाकडे, भोवती सामानाच्या पेट्या, हातात वही. पुढे त्याला कागद मिळाले, तरी त्याने जागा सोडली नाही. इतकी वर्षे वाट पाहिल्यावर जायचे कुठे हेच त्याला उरले नसावे. नोव्हेंबर 2022 मध्ये त्याच विमानतळावर त्याचा मृत्यू झाला. 2004 च्या 'द टर्मिनल' या हॉलिवूडपटाला त्याच्या कहाणीवरूनच कल्पना सुचल्याचे मानले जाते. चित्रपट हसवतो, पण दोन दरवाजांच्या मधे अडकलेल्या माणसाचे काय होते, हे नासेरीच्या अठरा वर्षांत दिसते.

कौनासची खिडकी

ट्रान्झिट व्हिसा हा शब्द आज डोकेदुखीचा वाटतो. एका काळी तोच हजारोंचा जीव वाचवणारा शब्द होता.

1940 चा उन्हाळा. युरोपात दुसरे महायुद्ध पेटलेले. नाझींच्या तावडीतून निसटून पोलंडमधले अनेक ज्यू लिथुआनियात आले होते. तेवढ्यात लिथुआनियाही सोव्हिएत संघाच्या ताब्यात गेला. पश्चिमेचा रस्ता बंद. उरली ती पूर्वेची वाट, म्हणजे रशिया ओलांडून जपान आणि तिथून पुढे कुठेतरी. पण रशियातून जायचे तर जपानचा ट्रान्झिट व्हिसा हवा, आणि जपानचा ट्रान्झिट व्हिसा हवा तर शेवटी जायचे कुठे ते दाखवायला हवे.

कौनास शहरात नेदरलँड्सचे वाणिज्यदूत म्हणून काम पाहणारे यान झ्वार्टेनडायक यांनी त्या शेवटच्या ठिकाणाची सोय केली. कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाव या डच बेटावर जायला व्हिसा लागत नाही, अशी नोंद ते लोकांच्या कागदांवर करून देऊ लागले. तेवढ्या आधारावर जपानचे वाणिज्यदूत चिऊने सुगिहारा यांनी ट्रान्झिट व्हिसा द्यायला सुरुवात केली. पुढच्या देशाची पक्की परवानगी आणि पुरेसे पैसे असतील त्यांनाच व्हिसा द्या, असा टोकियोचा हुकूम होता. वाणिज्य दूतावासाबाहेर उभ्या असलेल्या बहुतेकांकडे दोन्ही नव्हते. सुगिहारा लिहीत राहिले. दूतावास बंद होऊन शहर सोडण्याची वेळ येईपर्यंत त्यांनी हाताने दोन हजारांहून अधिक व्हिसा लिहिले. एका व्हिसावर पुष्कळदा अख्खे कुटुंब जात असे. ते लोक रेल्वेने सायबेरिया ओलांडून व्लादिवोस्तोकला, तिथून बोटीने जपानच्या त्सुरुगा बंदरात उतरले आणि वाचले. युद्धानंतर 1947 मध्ये सुगिहारांना परराष्ट्र खात्याची नोकरी सोडावी लागली. इस्रायलच्या याद वाशेम या स्मारक संस्थेने त्यांचा गौरव केला तो 1984 मध्ये. दोनच वर्षांनी त्यांचे निधन झाले.

टोकियोने तेव्हा जे विचारले होते, तेच आजचे अर्ज विचारतात. पुढे कुठे जाणार? तिथे तुम्हाला घेतील का? तिकीट आहे का? मधल्या देशाची भीती तेव्हाही हीच होती आणि आजही हीच आहे की वाटसरू वाटेतच राहील. ही भीती निराधार असते असे नाही. पण तिचे ओझे सगळ्यांवर सारखे पडत नाही. एकाच विमानातून उतरलेल्या दोघांपैकी एक जण पासपोर्टच्या रंगावर कॉफी प्यायला जातो आणि दुसऱ्याने महिनाभर आधी बँकेचे उतारे जोडलेले असतात. हा फरक प्रवाशाने केलेल्या कशामुळेही पडत नाही. तो कोणत्या गावात जन्मला, त्यावर ते ठरते.

पैसे भरण्याआधी

नियम बदलणे प्रवाशाच्या हातात नसते, तिकीट वाचणे असते. पैसे भरण्याआधी पाच गोष्टी पाहिल्या की बहुतेक संकटे टळतात.

पहिली, विमान कुठल्या कुठल्या शहरात बदलायचे आहे आणि ती शहरे कोणत्या देशांत आहेत. तिकिटावर विमानतळाचे तीन अक्षरी संक्षिप्त नाव असते, त्यावरून देश कळत नाही. एजंटला सरळ विचारावे.

दुसरी, सगळा प्रवास एकाच तिकिटावर आहे का, आणि सामान शेवटच्या ठिकाणापर्यंत थेट जाणार का.

तिसरी, उतरण्याचे आणि पुढे निघण्याचे विमानतळ एकच आहे का.

चौथी, त्या मधल्या देशाचा भारतीय पासपोर्टसाठीचा आजचा नियम काय. तो त्या देशाच्या दूतावासाच्या किंवा इमिग्रेशन खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहावा आणि विमान कंपनीकडून लेखी, निदान ईमेलवर, खात्री करून घ्यावी. नातेवाइकांचा अनुभव ऐकावा, पण त्यावर तिकीट काढू नये.

पाचवी, परतीची वाट. जाताना दुबईमार्गे आणि येताना युरोपमार्गे असे तिकीट असेल तर नियम दोनदा पाहावा लागतो. ज्या व्हिसाच्या आधारावर जाताना सूट मिळाली, तो परतताना संपलेला तर नसेल, हेही पाहावे.

परदेशातली मुले तिकिटे ऑनलाइन काढतात आणि आईवडिलांना मोबाइलवर पाठवतात. त्या मुलांच्या हातात अनेकदा तिथला पासपोर्ट असतो. त्यांना स्वतःला न्यूयॉर्कमार्गे जाताना काही अडचण आलेली नसते, म्हणून अम्मीला येईल हे त्यांच्या ध्यानातच येत नाही. तिकीट काढताना प्रवाशाचे राष्ट्रीयत्व विचारले जाते. ती चौकट भरताना मुलाने क्षणभर स्वतःचा पासपोर्ट विसरून आईचा आठवायला हवा.

वाटेत अडकलेला

इस्लामने प्रवाशाला सवलत दिली आहे. मुसाफिराला रमजानचा रोजा सोडता येतो आणि नंतर तेवढे दिवस भरून काढता येतात. चार रकातींची फर्ज नमाज तो दोन रकातींत पुरी करतो. पश्चिमेकडे उडणाऱ्या विमानात सूर्य मावळता मावळत नाही आणि रोजा तासनतास लांबतो, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या सवलतीची किंमत कळते. प्रवास हा कष्टाचा असतो, हे त्यात गृहीत धरलेले आहे.

याहून कमी माहीत असलेली एक गोष्ट जकातीत आहे. रमजानमध्ये अनेक मुस्लिम घरे आपल्या शिल्लक संपत्तीचा अडीच टक्के वाटा जकात म्हणून बाजूला काढतात. ती कुणाला द्यायची, याचे आठ वर्ग कुरआनात सांगितले आहेत. गरीब, निराधार, कर्जात बुडालेले यांच्याबरोबर त्यात एक वर्ग आहे 'इब्नुस्सबील'. शब्दशः अर्थ वाटेचा पुत्र. म्हणजे असा वाटसरू, जो घरी खाऊन-पिऊन सुखी असेल, पण या घडीला परक्या ठिकाणी अडकला आहे आणि त्याच्या हाताशी काही नाही. त्याची घरची श्रीमंती इथे मोजली जात नाही. तो अडकला आहे, एवढेच पाहिले जाते.

चौदाशे वर्षांपूर्वी हा वाटसरू वाळवंटात उंट मेल्यामुळे अडकत असे. आज तो विमानतळावर एका कागदामुळे अडकतो. मुंबईतल्या त्या आईसारखे लोक रात्रभर बाकड्यावर बसतात. पहाटे चार वाजता सहरीची वेळ होते, कुणी शेजारचा पाण्याची बाटली पुढे करतो, कुणी चार खजूर हातावर ठेवतो. तिकडे टोरांटोत मुलगा फोनवर दुसरे तिकीट शोधत असतो, या वेळी आखातातल्या एखाद्या शहरामार्गे, दीडपट पैसे देऊन. जागा मिळते ती ईद उलटल्यावरची. नातवाचा कुर्ता बासी ईदेला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, अंगावर चढतो. शीरखुर्माही त्याच दिवशी होतो. घर हसते, पण सहा महिन्यांची बचत गेलेली असते आणि अम्मी ज्याला त्याला सांगत राहते की तिच्याकडून काही चूक झाली नव्हती. तिचे म्हणणे खरेच असते.

अशा माणसाला मदत नेहमी पैशांचीच लागते असे नाही. गावात इंग्रजी वाचणारी, संगणक हाताळणारी मुले आता प्रत्येक आळीत आहेत. ईदेला अजून दिवस आहेत, आणि ईदेनंतर उन्हाळ्याच्या सुटीत तर कितीतरी आईवडील मुलांकडे जातील. शेजारच्या घरातून कुणी परदेशी निघाले असेल, तर शेवया आणि पापड बांधायच्या आधी त्यांचे तिकीट एकदा मागून घ्यावे, त्यावरच्या मधल्या शहराचे नाव वाचावे आणि त्या देशाचा नियम त्यांच्यासमोर बसून पाहून द्यावा. अर्ध्या तासाचे काम आहे.